पावणेसहाची फुंकर: श्वासातली दारू मोजणारं मशीन, दीड वर्ष वापरल्यावर

आमच्या सहा गाड्या आहेत. चार शाळेच्या बस आणि दोन सतरा सीटच्या ट्रॅव्हलर. गाडीतळ कराडमध्ये आहे. यजमान स्वतः रोज एक बस चालवतात. हिशोब, आरटीओची कागदपत्रं, पालकांचे फोन आणि किल्ल्या माझ्याकडे असतात. रोज सकाळी पावणेसहाला मी ऑफिसचं कुलूप काढते, किल्ल्यांच्या फळ्याखाली टेबल आहे त्यावर मशीन ठेवते, आणि जो फुंकर मारून शून्य दाखवेल त्याच्या हातात किल्ली देते. दीड वर्ष हे चाललंय. या काळात दोन मशीन वापरली, एक साडेनऊशे रुपयांचं आणि एक साडेआठ हजारांचं. गाड्यांचा धंदा करणाऱ्या माझ्यासारख्या लोकांना उपयोग व्हावा म्हणून दोन्हींचा अनुभव लिहितेय. कंपन्यांची नावं लिहिलेली नाहीत, कारण एकच मशीन तीन-चार वेगळ्या स्टिकरखाली विकायला असतं आणि नावावरून काहीच कळत नाही. काय बघून घ्यायचं ते मात्र सांगता येतं.

मशीन घ्यायचं मनात भरवलं माझ्या भावानं. तो मिरजेला रेल्वेत लोको पायलट आहे. ड्युटीवर चढताना लॉबीत, म्हणजे हजेरीच्या खोलीत, साइन ऑन करायचं तर आधी मशीनमध्ये फुंकायचं, हा त्याचा रोजचा रिवाज. पंचवीस वर्षं नोकरी झालेला माणूस असो की कालचा पोरगा, सगळे फुंकतात, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. भाऊ मला म्हणाला, "ताई, माझ्या मागं मालाचे डबे असले तरी मला फुंकावं लागतं. तुझ्या गाडीत तर लेकरं असतात." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीनं दोन तरुण इंजिनिअर गेले. जूनमध्ये शाळा सुरू होताना पालकांच्या बैठकीत एका आईनं उभं राहून विचारलं, तुमचे ड्रायव्हर सकाळी कसे येतात ते तुम्ही बघता का? मी म्हणाले, बघते. घरी आल्यावर वाटलं, काय बघतो आपण? तोंडाचा वास येतो का आणि डोळे लाल आहेत का, एवढंच. मावा चघळणाऱ्याच्या तोंडाला दुसरा कसला वास येतो?

त्याच आठवड्यात ऑनलाइन साडेनऊशेचं मशीन मागवलं. किल्लीच्या जुडग्याला अडकवता येईल एवढं लहान, पाइप नाही, समोरून फुंकायचं, हिरवा-पिवळा-लाल दिवा आणि बारीक आकडा. पहिला महिना बरा गेला. तशी रोज हिरवाच दिवा लागायचा. मला वाटायचं, आपली माणसं चांगली आहेत. ती आहेतच.

मग १८ जुलै उजाडला, आषाढी एकादशीचा दुसरा दिवस.

आमच्याकडे सर्वांत जुने ड्रायव्हर म्हणजे तात्या. वय अठ्ठावन्न, सासऱ्यांच्या काळापासूनचे. गळ्यात तुळशीची माळ, दारूच काय, लग्नाच्या पंगतीत मटण असलं तर त्या मांडवात बसायचेही नाहीत. त्यांना साखरेचा त्रास आहे. आदल्या दिवशी कडक एकादशी केली होती आणि सकाळी उपास न सोडताच ड्युटीवर आले होते. फुंकले आणि मशीन वाजलं. पिवळा दिवा, आकडा बावीस, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात बावीस मिलिग्रॅम अल्कोहोल. सगळे बघत होते. एक क्लीनर हसला. तात्यांनी माळेला हात लावला आणि म्हणाले, "वैनी, माळ हाय गळ्यात." बाकी काही बोलले नाहीत. मी पुन्हा फुंकायला लावलं, तर एकोणीस. त्या दिवशी यजमान त्यांच्या बसवर गेले आणि यजमानांच्या बसवर बदली ड्रायव्हर. तात्या ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर दहा वाजेपर्यंत बसून राहिले. घरी गेले नाहीत. घरी काय सांगणार होते?

दुपारी आमच्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा उलगडा झाला. मधुमेह आणि वर दिवसभराचा उपास असला की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून अ‍ॅसिटोन तयार होतं आणि ते श्वासातून बाहेर पडतं. स्वस्त मशीनमधल्या सेमीकंडक्टर सेन्सरला अल्कोहोल कुठलं आणि हे कुठलं, हा फरक नीट कळत नाही. सिगारेटचा धूर, कसले कसले वास, यांवरही तो भरकटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर मी तात्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "मशिनीची चूक, तुमची न्हाय." पण चूक माझी होती. ज्यावर माणसाची इभ्रत ठरणार, ती वस्तू मी साडेनऊशेत घेतली होती.

म्हणून पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं: घ्यायचं तर फ्युएल सेल सेन्सरचंच मशीन घ्या. डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर ते सेमीकंडक्टर समजा आणि ठेवून द्या. फ्युएल सेलमध्ये अल्कोहोलची रासायनिक क्रिया होऊन बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो, त्यावरून आकडा निघतो. अ‍ॅसिटोनला तो दाद देत नाही. नवं मशीन ऑगस्टमध्ये आलं आणि पुढच्या एकादशीला, उपास असतानाच, तात्यांनी स्वतःहून पहिला नंबर लावला. शून्य. तेव्हापासून पहिला नंबर त्यांचाच असतो. त्यांच्या मागून यजमान, मग बाकीचे. मालक फुंकतो हे दिसलं की दुसऱ्याला बोलायला जागा राहत नाही.

आता मशीन कसं आहे ते सांगते. जुन्या मोबाइलएवढं, हातात नीट बसणारं. दोन पेन्सिल सेल लागतात, आमच्या वापरात ते अडीच-तीन महिने जातात. बटण दाबलं की उलटे आकडे मोजतं, उन्हाळ्यात दहा सेकंद, डिसेंबरच्या थंडीत पंचवीस-तीसपर्यंतही लागतात. रात्री ते ऑफिसच्या कपाटात ठेवा. गाडीच्या डिकीत राहिलं तर सकाळी गारठलेलं असतं आणि चार-चारदा चालू करावं लागतं. मग 'फुंका' अशी खूण येते आणि पिप वाजेपर्यंत एका दमात सलग फुंकायचं, साधारण पाच सेकंद. अर्धवट फुंकलं, बाजूनं हवा सोडली किंवा उलटी ओढली तर आकडा न देता चुकीची खूण दाखवतं. हा गुण मला फार आवडला. जुन्या मशीनसमोर नुसतं 'हा' केलं तरी हिरवा दिवा लागायचा.

पाइपबद्दल: सोबत पाच येतात, पुढे शंभराचं पाकीट वेगळं घ्यावं लागतं. आम्ही प्रत्येकाला त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेली डबी दिलीय, पाइप आपापला, दर सोमवारी नवा. तोंडात मावा किंवा तंबाखू असेल तर आधी थुंकून खळखळून चूळ भरायची, नाहीतर बारीक कण आत जातात आणि ते या मशीनला सर्वांत घातक. सिगारेट ओढून आलेल्याला दहा मिनिटं थांबवते. बाजारातल्या काही माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं. ते वापरून लगेच फुंकलं तर आकडा येतो आणि तो तोंडातल्या अल्कोहोलचा असतो. आकडा आला की आमचा नियम असा आहे: साध्या पाण्यानं चूळ भरायची, बाकड्यावर पंधरा मिनिटं बसायचं, काही खायचं-प्यायचं नाही, आणि पुन्हा फुंकायचं. दुसऱ्या आकड्यावर निर्णय. पहिल्या आकड्यावर कुणालाही काही बोलायचं नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलंय.

एककाचा घोळ मात्र नीट समजून घ्या. कायद्यात, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये, मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. काही मशीन तोच आकडा ०.०३० असा टक्क्यांत दाखवतात. काही मात्र एक लिटर श्वासात किती मिलिग्रॅम ते दाखवतात आणि तिथे हीच मर्यादा साधारण ०.१४ होते. आमच्या ओळखीच्या एका ट्रॅव्हल्सवाल्यानं असं मशीन घेतलं आणि ०.१२ बघून "काहीच नाही, पॉइंटमध्ये आहे" म्हणून गाडी सोडत होता. हिशोब केला तर तो आकडा पंचवीसच्या घरातला. विकत घेताना दुकानदाराला एकक विचारा आणि मशीनच्या मागे मार्करनं लिहून ठेवा.

शाळेच्या बसला किंवा प्रवासी गाडीला या कायद्यात वेगळी, कमी मर्यादा नाही. दुचाकीवाल्याला तीस आणि चाळीस मुलं नेणाऱ्यालाही तीसच. मला ते पटत नाही. आमच्या गाडीतळावर मर्यादा शून्य आहे आणि ती मी नोकरीच्या कागदावर लिहून सह्या घेतल्यात.

या मशीननं मला सर्वांत मोठी गोष्ट दाखवली ती रात्रीच्या दारूची. सकाळी पिऊन येणारा माणूस आमच्याकडे कधी नव्हता. पण तुळशीची लग्नं लागली, लगीनसराई सुरू झाली, आणि डिसेंबर २०२४ मधल्या एका सोमवारी आमचा सव्वीस वर्षांचा ड्रायव्हर फुंकला, तर एकेचाळीस. अंघोळ केलेली, कपाळाला गंध, इस्त्रीचा शर्ट, बोलणं स्वच्छ. पंधरा मिनिटांनी पुन्हा, एकोणचाळीस. पोरगा पांढरा पडला. "वहिनी, शप्पथ, रात्री चुलतभावाच्या हळदीत घेतली होती. झोपून उठलोय. उतरलीय सगळी." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की उतरलीय. जुन्या पद्धतीनं बघितलं असतं तर मीही किल्ली दिली असती आणि तो वाखाणपर्यंत मुलं घेऊन गेला असता.

त्या दिवशी त्याला बसवून कागदावर हिशोब करून दाखवला, तोच इथं देते. एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे एका क्वार्टरमध्ये साधारण साठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात त्यानं आकडा जवळपास सव्वाशेपर्यंत जाऊ शकतो. शरीर ते जाळतं तासाला अंदाजे पंधराच्या वेगानं, काहींचं त्याहून हळू. सव्वाशेवरून तीसवर यायला सहा-सात तास, आणि शून्यावर यायला आठ-नऊ. रात्री बारापर्यंत घेतलेल्याची सकाळी सहाला काय गत असेल ते तुम्हीच काढा. लिंबूपाणी, काळा चहा, गार पाण्याची अंघोळ, यांनी माणूस जागा होतो. जळायचा वेग तोच राहतो. पोरानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला. आजही तो त्याच्या लायसनच्या पाकिटात आहे, मागच्या महिन्यात डिझेलची पावती शोधताना मला दिसला.

मशीन नुसतं घेऊन भागत नाही, आकडा आल्यावर पुढे काय हे आधी ठरलेलं पाहिजे. आमच्याकडे पहिल्या दोन महिन्यांत हे ठरलेलं नव्हतं आणि त्याचा त्रास झाला. एकानं सरळ दांडी मारायला सुरुवात केली. रात्री घेतली की सकाळी फोन बंद, आणि मुलं स्टॉपवर उभी. मग यजमान, मी आणि तात्यांनी बसून नियम केला. रात्री नऊच्या आत फोन करून "उद्या मला जमणार नाही" असं सांगितलं तर कारण विचारायचं नाही आणि महिन्यातून एक दिवस पगार कापायचा नाही. न सांगता आला आणि आकडा निघाला तर त्या दिवसाचा पगार नाही, दुसऱ्यांदा निघाला तर आठवडाभर गाडी नाही, तिसऱ्यांदा शाळेची बस कायमची बंद. बदली ड्रायव्हरला महिन्याला ठरावीक रक्कम देऊन बांधून ठेवलंय, तो गाडी चालवो न चालवो. हा खर्च मशीनपेक्षा कितीतरी जास्त आहे, वर्षाचा हिशोब काढला की दरवेळी छातीत धस्स होतं. पण बदली माणूस नसेल तर मालक एकेचाळीस आकड्यावरही किल्ली देतो, हे मी दुसऱ्यांच्या गाडीतळावर बघितलंय. सातची शाळा असते, पालकांचे फोन वाजत असतात, आणि "जा बाबा, हळू जा" असं तोंडातून निघून जातं.

त्या सव्वीस वर्षांच्या पोराचा आकडा पुन्हा कधी आला नाही. पण रात्री नऊच्या आत त्याचे दोन फोन आले, दोन्ही लग्नाच्या आदल्या दिवशी. त्या फोनांचं मला फार समाधान वाटतं.

ट्रॅव्हलरच्या लांबच्या भाड्यांना मात्र हे मशीन अपुरं पडतं. मशीन कराडला आणि गाडी गोव्यात. तिकडे पार्टीच ड्रायव्हरला आग्रह करते, "घ्या हो, आता रात्रीचं कुठं जायचंय." प्रेमानंच करतात. आणि सकाळी सातला त्याच माणसाला फोंडा घाट चढायला सांगतात. म्हणून आता बुकिंगच्या पावतीवर मी छापलंय: ड्रायव्हरला दारू देऊ नये, दिल्याचं कळल्यास दुसऱ्या दिवशी गाडी दुपारी निघेल, भाडं कमी होणार नाही. दोन पार्ट्या यावरून तुटल्या. एका गृहस्थांनी मात्र ती ओळ वाचून ॲडव्हान्स वाढवून दिला, त्यांच्या घरात असा एक अपघात झालेला होता. आता ट्रॅव्हलरसाठी दुसरं मशीन घ्यायचंय, फुंकताना फोटो काढून आकड्यासकट मोबाइलवर पाठवणारं. त्याची किंमत आमच्या मशीनच्या जवळपास दुप्पट सांगतात. पाडव्याला घेऊ.

तक्रारी लिहिल्या नाहीत तर हा लेख खरा होणार नाही. पहिली तक्रार कॅलिब्रेशनची. सेन्सर हळूहळू सरकतो, म्हणून ठरावीक काळानं प्रमाणित वायूवर तपासून तो जागेवर आणावा लागतो. आमच्या मशीनच्या पुस्तिकेत वर्षातून एकदा असं लिहिलंय. विकताना सांगितलं, "चार दिवसांत परत मिळेल." प्रत्यक्षात कुरिअरनं पाठवल्यापासून बावीस दिवस लागले, फोन उचलत नव्हते, आणि पंधराशे रुपये वर. बावीस दिवस आम्ही पुन्हा तोंडाच्या वासावर. घेताना विचारा: कॅलिब्रेशन कुठं होतं, किती दिवस, तोवर दुसरं मशीन देता का, आणि प्रमाणपत्र देता का. यावर "करावंच लागत नाही" असं उत्तर आलं तर तिथून घेऊ नका. दुसरी तक्रार, मशीनच्या आठवणीत फक्त शेवटचे दहा आकडे राहतात. सहा-सात माणसं रोज फुंकतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी कालचं पुसलं जातं. म्हणून मी वही घालते: तारीख, वेळ, नाव, आकडा, सही. शाळेच्या परिवहन समितीला दर तिमाहीला ती वही दाखवते.

आणि मशीन जे सांगत नाही ते: गांजा सांगत नाही, झोपेची गोळी सांगत नाही, न झालेली झोप सांगत नाही. पंढरपूरचं भाडं करून रात्री दोनला आलेला ड्रायव्हर सकाळी शून्य फुंकतो आणि साडेसहाला स्टिअरिंगवर पेंगतो. पहिल्या वर्षी शून्यावर मी इतकी विसंबले की हे माझ्या लक्षातच आलं नाही. बसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या ताईंनी येऊन सांगितलं की मलकापूरच्या वळणावर त्यांनी दोनदा हाक मारून ड्रायव्हरला जागं केलं. तेव्हापासून वहीत एक रकाना वाढवलाय, "रात्री किती वाजता झोपलास?" झोप पाच तासांपेक्षा कमी असेल तर किल्ली नाही. तिथं मशीन नाही, माणसाच्या शब्दावर आहे. बहुतेक जण खरं सांगतात, कारण खरं सांगणाऱ्याचा पगार कापला जात नाही हे त्यांनी बघितलंय.

पैशांचं म्हणाल तर साडेआठ हजार, वर्षाचं कॅलिब्रेशन, पाइप, सेल, सगळं धरून एका गाडीच्या एका टायरएवढा खर्च. कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीपासून पिऊन गाडी चालवण्याच्या पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्या गुन्ह्याला पंधरा हजार दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ड्रायव्हर प्यायलेला निघाला तर गाडीचं नुकसानही विमा कंपनी देत नाही. हे सगळं मी मालकांच्या बैठकीत सांगते, कारण तिथं पैशांचं बोलणं लवकर कळतं.

मशीनला पाचपैकी चार तारे. एक कापला तो बावीस दिवसांसाठी. साडेनऊशेच्या मशीनला एकही नाही, ते मी कुणाला फुकटही दिलं नाही, हातोडीनं फोडून टाकलं.

कराड-पाटण भागातल्या कुणा गाडीवाल्याला घ्यायच्या आधी हातात धरून बघायचं असेल तर कुठल्याही शाळेच्या दिवशी पावणेसहाला गाडीतळावर या. नवा पाइप मी देईन. तात्या कसं फुंकायचं ते दाखवतील, त्यांच्याइतकं नीट कुणालाच जमत नाही.